ना शेंडा ना बुडखा

माणसानं तोंड उघडलं की पहिल्याच वाक्यात कळतं, मागे किती भुसा भरलाय ते. हे कात्रीचं मत होतं. अर्थात स्वतःच्या मताला तो मत म्हणत नसे, अनुभव म्हणत असे.

वर्तमानपत्राच्या कचेरीत उपसंपादक म्हणून त्यानं उभी हयात काढली होती. वार्ताहरांनी आणलेल्या बातम्या वाचायच्या, शुद्ध करायच्या, पानावरच्या जागेत बसवायच्या आणि उरेल ते उडवायचं, हे काम. ‘कात्री’ हे नाव वार्ताहरांनी त्याच्या पाठीमागे ठेवलं, मग ते तोंडावर आलं आणि शेवटी निरोपाच्या भाषणात खुद्द संपादकांनी वापरलं. ते भाषणही कात्रीला लांबल्यासारखं वाटलं. निम्म्यातच त्याच्या मनात भाषणाची चांगली आटोपशीर तीन वाक्यं झाली होती, आणि त्यातलंही एक फाजील होतं.

बातमी खालून कापतात, हा त्या धंद्यातला पहिला धडा. मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात, तिच्याखाली जरा कमी महत्त्वाची, तिच्याखाली आणखी कमी, आणि तळाला पालापाचोळा. जागा कमी पडली की तळापासून उडवत वर यायचं, डोळे मिटून. हा धडा कात्रीनं कचेरीत ठेवला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. तो त्यानं घरी आणला. शेजारी जिन्यात भेटला की त्याचं पहिलं वाक्य ऐकायचं, मान हलवायची आणि चालू पडायचं. डॉक्टरनं दुखण्याचं नाव सांगितलं की हा उठलाच. पथ्य सांगायला डॉक्टर बिचारा दारापर्यंत मागे यायचा. कात्री त्या डॉक्टरलाही बडबड्या म्हणत असे.

बायको शहाणी होती. लग्नानंतर वर्षभरात तिनं ओळखलं की या माणसाला मथळ्याच्या खालचं काही ऐकू येत नाही. तेव्हापासून ती मथळ्यांतच बोलली. ‘गॅस संपला.’ ‘मुलगी पास.’ ‘पाहुणे रविवारी.’ तिला आणखी काय काय सांगायचं असेल ते तिच्यापाशीच राहिलं, आणि ती गेली तीसुद्धा झोपेत, एका ओळीची बातमी झाल्यासारखी. लोक भेटायला आले तेव्हा कात्रीला सगळ्यात जास्त राग आला तो त्यांच्या लांबलचक सांत्वनांचा.

मुलगी मात्र आईवर गेली नाही आणि बापावर तर नाहीच नाही. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करी. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की भिंग बदलत विचारायचं, ‘हे स्पष्ट की हे? आता? आणि आता?’ दिवसभर हेच. त्यामुळे म्हणा, मुळातच म्हणा, तिला घाई नावाची वस्तू ठाऊक नव्हती. काही सांगायचं असलं की ती नमनाला घडाभर तेल ओतायची. दुकानात आज कोण आलं, त्याच्या हातात कसली पिशवी होती, ती पाहून तिला काय आठवलं, असं करत करत गाडी मुद्द्यावर यायची ती अगदी शेवटी, जवळजवळ दाराबाहेर पडताना. आणि ऐकायची तीही तशीच. फोनवर कुणी आपलं रडगाणं गात असलं की ही हनुवटी हातावर टेकवून म्हणणार, ‘बरं, पुढे?’ ‘हं, मग पुढे?’ कात्रीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. लोकांना ‘पुढे?’ विचारून विचारून पोरीनं डोक्याचा उकिरडा करून घेतलाय, असं त्याचं म्हणणं. त्यानं स्वतः अख्ख्या नोकरीत हा शब्द एकाही वार्ताहराला विचारला नव्हता.

आता मुद्दा. कात्रीच्या शिस्तीप्रमाणे तो पहिल्याच ओळीत यायला हवा होता, पण गोष्ट सांगणारा काही त्याचा नोकर नाही. मुद्दा असा की, मुलीला दुसऱ्या शहरातल्या डोळ्यांच्या मोठ्या इस्पितळातून बोलावणं आलं होतं. आणि तिनं जाऊ नये, असं कात्रीला वाटत होतं. इतकं वाटत होतं की सकाळी दाढी करताना हात थांबायचा. पण हे बोलून दाखवणं म्हणजे बागेतल्या बाकावरच्या म्हाताऱ्यांच्या रांगेत जाऊन बसणं. ते बघा कसे, मुलांच्या नावानं गळे काढतात, नाकं पुसतात आणि पुन्हा गळे काढतात. त्या बाकाजवळून जाताना कात्री मुद्दाम ताठ चालत असे.

तिनं ज्या संध्याकाळी ही बातमी त्याला सांगितली, त्या संध्याकाळी ती नेहमीसारखीच फार लांबून निघाली होती. इस्पितळात तिची एक जुनी मैत्रीण होती, तिथपासून. मग त्या मैत्रिणीच्या घराजवळचा रस्ता, तिथली झाडं, तिथला भाजीवाला. कात्री वर्तमानपत्राच्या आड गुरगुरत होता. मग एकदम ‘मी तिकडे जायचं म्हणतेय, बाबा’ हे वाक्य आलं.

कात्रीनं वर्तमानपत्राची घडी घातली.

“जा की,” तो म्हणाला. “मी काय तुला खुंटीला बांधलंय?”

“तसं नाही हो, बाबा. ऐका तर. तिथं ना, मैत्रिणीच्या शेजारी—”

“ऐकलं. जातेस. उत्तम.”

आणि तो उठून मोरीत गेला आणि त्यानं नळ सोडला. हात स्वच्छच होते, तरी धूत बसला. बाहेर तिचं अजून काहीतरी चाललं होतं. शेपूट असणार. हत्ती तर गेला होता, शेपटाशी कात्रीला काय करायचं होतं?

त्यानंतर त्या विषयावर घरात कुणी बोललं नाही.

झाड आलं ते याच दिवसांत. दुकानाच्या वाटेवरच्या रोपवाटिकेतून तिनं ते उचलून आणलं, अझालियाचं तरणं रोप, वीतभर उंच आणि तेवढंच रुंद, गुलाबी फुलांनी इतकं लगडलेलं की पान दिसेना. कात्रीनं ते पाहिलं आणि म्हणाला, “ही जाहिरात झाली. बातमी कुठाय?” मुलगी हसली. तिला त्याचं बोन्साय करायचं होतं. वाचनालयाच्या वरच्या दालनात एक बाई रविवारी शिकवतात म्हणे, नवशिक्यांसाठी. “तुम्ही पण चला ना, बाबा. काटछाटीत तुमचा हात कोण धरणार?”

कात्रीला बोन्साय या प्रकाराबद्दल काडीचा आदर नव्हता. झाड आधी लावायचं आणि मग आयुष्यभर ते वाढू नये म्हणून राबायचं, हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असं त्यानं लगेच जाहीर केलं. पण रविवारी तो कपडे करून तयार बसला. ती चार दिवसांची सोबती उरली होती म्हणून तो गेला, हे त्याला कुणी विचारलं असतं तर त्यानं साफ नाकारलं असतं. कुणी विचारलं नाही.

बोन्सायबाई, कात्रीनं तिचं नाव तिथंच ठेवलं, ही ठेंगणी, ठसठशीत, स्वतःच्या आवाजावर खूश असलेली बाई होती. गळ्यात चष्म्याची दोरी, हातात छडी आणि समोर टेबलावर झाडांची ओळ, तीही बाईसारखीच ठेंगणी. बाई बोलू लागल्या आणि कात्रीनं डोळे मिटले. काय ते पाल्हाळ! झाड म्हणजे काय. झाड आणि आपण. मी पहिलं झाड मारलं तेव्हाची गोष्ट. दुसरं मारलं तेव्हाची. या बाईंनी कचेरीत नोकरी केली असती तर अग्रलेखापासून हवामानापर्यंत सगळं पान एकट्या त्यांनाच लागलं असतं. आजूबाजूला पाहावं तर सगळे माना डोलावत होते; एक गृहस्थ तर ‘झाड आणि आपण’ हे वहीत उतरवून घेत होते. आणि कात्रीची स्वतःची मुलगी पहिल्या रांगेत हनुवटी हातावर टेकवून बसली होती.

शेवटी बाईंच्या तोंडून एक कामाचं वाक्य निघालं. “लक्षात ठेवा, झाडाचा सगळा जोर शेंड्याकडे असतो. शेंडा मोकाट सोडलात तर खालच्या फांद्या उपाशी मरतात. म्हणून आधी शेंडा आवरायचा.”

झालं. हाच मथळा. कात्री खुर्ची सरकवून उठला आणि बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिला. आतून बाईंचा आवाज येत राहिला, बराच वेळ. त्यानं त्याचा हिशेबही ठेवला नाही. भुसा मोजत बसायची त्याला सवय नव्हती.

फुलं गळायला लागली तशी छाटणीची वेळ झाली. अझालियाची छाटणी फुलं सरल्या सरल्या करायची. उशीर केला तर पुढच्या वर्षीच्या कळ्या धरायला वेळ उरत नाही. हे मुलीनं सांगितलं. मलूल, चिकट झालेली फुलं तिनं देठासकट एकेक खुडली. बुंध्याभोवतीची माती ब्रशनं अलगद बाजूला सारून मुळं कुठून फुटलीयत ते पाहिलं. झाड नुसतं झुडूप होतं, कुठलं खोड आणि कुठली फांदी ते कळायला मार्ग नव्हता. एकेका पेरातून चार-पाच फुटवे छत्रीच्या काड्यांसारखे चहूकडे निघालेले. त्यातले दोन ठेवायचे, बाकीचे काढायचे. मुलगी कैची धरून बसली, एका फुटव्याला लावली, काढली, दुसऱ्याला लावली. “बाबा, हा ठेवू की हा? का हा?”

“आण इकडे,” कात्री म्हणाला. “गिऱ्हाईक तपासतेस का झाड?”

आणि कात्रीनं कैची हातात घेतली. इतक्या दिवसांनी काहीतरी कापायला मिळालं, त्याची बोटं शिवशिवली. पहिल्यांदा त्यानं बाजूच्या दोन पोरकट काड्या मुळापासून उडवल्या आणि एक खोड मोकळं केलं. ते खरंच चांगलं निघालं, तळाशी जाड, मध्ये किंचित वळलेलं. मुलगी “अहाहा” म्हणाली. तिथंच थांबला असता तर!

“आता शेंडा,” कात्री म्हणाला.

“बाबा, थांबा. शेवटी त्या म्हणाल्या होत्या की—”

“शेवटी काय म्हणतात ते मला पाठ आहे. शेवटी आभार मानतात.”

“नाही हो, अझालियाचं त्या म्हणाल्या—”

“जोर शेंड्याला असतो म्हणाल्या की नाही? मी होतो तिथं.”

“हो, म्हणाल्या, पण ते—”

“मग झालं तर. बाई दोन तास बोलल्या आणि त्यात एक वाक्य होतं. तेवढं मी आणलंय घरी. तू बाकीचा भारा वाहत बस.”

आणि त्यानं वरून कापलं. शेंडा तर उडवलाच, त्याच्याखालच्या फांद्याही निम्म्याहून मागे आणल्या, पानं विरळ केली, आणि खालच्या फांद्यांना मात्र हात लावला नाही. त्या बिचाऱ्या उपाशी, त्यांना खाऊ दे. काम सफाईदार झालं. प्रत्येक काप तिरका, नितळ, कुठं साल सोललेली नाही. मुलीनं कापांना मलम लावलं. आपला बाप आणि आपण यांच्यात आता किती वाक्यं उरलीत याचा ती विचार करत असावी, पण कात्रीला वाटलं, पोरगी गप्प झाली म्हणजे पटलं.

एका फांदीला तारेनं वळण द्यायला गेला तर ती कट्‌कन मोडली. अझालियाची काडी फार ठिसूळ. तेही बाईंनी शेवटी सांगितलं असणार.

काही आठवडे गेले. झाडाच्या तळाला पालवीचं नुसतं रान माजलं. खालच्या फांद्यांनी हातपाय पसरले, कुंडीच्या काठाबाहेर गेल्या, जमिनीलगत नवे कोंब फुटून तेही वर निघाले. आणि वरचा भाग? वर काड्या. आधी त्या नुसत्या गप्प होत्या, मग तपकिरी झाल्या. कात्रीनं नखानं साल खरवडून पाहिली, आतून हिरवं काही दिसलं नाही. झाडाकडे पाहिलं की टोपी उडालेल्या, पोट सुटलेल्या गृहस्थाकडे पाहिल्यासारखं वाटायचं.

घरात मुलीच्या सामानाची बांधाबांध सुरू झाली होती. दुकानात तिनं सांगून टाकलं होतं. खोके यायचे, भरायचे, भिंतीला लागायचे. कात्री त्यांच्यातून वाट काढत सज्जात जायचा आणि झाडापुढे उभा राहायचा. पोरगी चालली, ते त्याच्या हातात नव्हतं. निदान तिचं झाड तरी धड करून द्यावं, एवढंच त्याच्या मनात होतं. आणि ते मरायला टेकलं होतं. याचा दोष कुणाचा, याबद्दल त्याला शंका नव्हती. चुकीचं शिकवणाऱ्या बाईचा.

म्हणून एका सकाळी त्यानं कुंडी कापडी पिशवीत घातली आणि बोन्सायबाईंच्या घरी गेला, झाड सुधारायला नव्हे, बाईंना सुनवायला. बाई घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होत्या. फळ्यांवर कुंड्यांच्या रांगा, खाली पावसाच्या पाण्याची पिंपं, आणि बाई एका म्हाताऱ्या झाडाची मुळं बांबूच्या काडीनं विंचरत बसलेल्या. कात्रीनं कुंडी त्यांच्यापुढे ठेवली.

“हे तुमचं शिक्षण,” तो म्हणाला. “शेंड्याला जोर असतो म्हणालात. शेंडा आवरला. बघा.”

बाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. झाड फिरवून पाहिलं. मग कात्रीला पाहिलं, तेही तसंच, कुठून मेलाय ते शोधल्यासारखं.

“तुम्ही ते जिन्यातले का?”

“म्हणजे?”

“मध्येच उठून जिन्यात जाऊन उभे राहिलेले. मी विसरत नाही अशी माणसं. अहो, शेंड्याचं सांगून झाल्यावर मी काय म्हटलं? सगळ्यात शेवटी, टेबलावर छडी आपटून म्हटलं, की हे सगळं खरं, पण अझालियाचं उलटं आहे! या बयेचा सगळा जोर बुडख्याला. हिला खालून कापायचं, चांगलं कचकचून, आणि शेंड्याला फुलासारखं जपायचं. खालून! पोरासोरांनाही कळेल असं सांगितलं होतं.”

कात्रीनं झाडाच्या बुडख्याकडे पाहिलं. उभ्या जन्मात जे मिळालं ते त्यानं खालून कापलं होतं. बातमी खालून, शेजारी खालून, डॉक्टर खालून. आणि नशिबानं एकच वस्तू अशी हातात दिली, जी खरोखर खालून कापायची असते, तर ती पठ्ठ्यानं वरून कापली. दैवानंसुद्धा कपाळाला हात लावला असेल.

“मुख्य गोष्ट शेवटी कशाला सांगायची?” तो अखेर म्हणाला. “सुरुवातीला सांगायची. ही काय रीत झाली?”

“अहो, शहाणे,” बाई म्हणाल्या, “माणसं मुख्य गोष्ट शेवटीच सांगतात. धीर गोळा व्हायला वेळ लागतो. ताकाला आलेला माणूस आधी भांडं लपवतो, हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही? आणि तुम्ही नाही ऐकलंत, तरी तुमची मुलगी होती की. तिनं सांगितलं नाही?”

‘बाबा, थांबा. शेवटी त्या म्हणाल्या होत्या की—’

“सांगत होती,” कात्री म्हणाला.

बाईंनी कैची उचलली आणि वाळलेल्या काड्यांवरून बोट फिरवलं. “मरत नाही हे. अझालिया चिवट असते, जुन्या लाकडातूनही फुटते. खालची ही फांदी बघा, ही जोरात आहे. हिलाच उभी करायची. तार सैल गुंडाळा, रोज थोडं थोडं वर घ्या, घाई केलीत तर मोडेल. हीच तुमचा नवा शेंडा. बाकीचा बुडखा आवरा. वर्ष-दोन वर्षांत कुणाला कळायचंही नाही.” मग त्या सहज म्हणाल्या, “तिकडच्या घरात सकाळचं ऊन आहे म्हणाली होती, ते हिला मानवलं असतं. तुम्ही काही जात नाही म्हणे?”

“मी? कुठं?”

“तिच्याबरोबर. त्या रविवारीच, तास संपल्यावर मला विचारत होती, तळमजल्याचं घर आहे, मैत्रिणीच्या शेजारी, दोन खोल्या आणि पुढे मोकळी जागा, तिथं अझालिया जगेल का. म्हणाली, बाबांचे गुडघे जिन्याला कुरकुरतात आणि तिथं जिना नाही. दिवसभर झाडाशी भांडत बसतील, वेळ जाईल त्यांचा. मी म्हटलं, जगेल की. मग परवा भेटली तर म्हणते, ते घर नको म्हणून कळवतेय. बाबांना विचारलं होतं म्हणे. ते उठून गेले.”

शेडमध्ये पिंपात कुठूनतरी थेंब पडत होता. कात्रीला मोरीतला नळ ऐकू आला. नळामागे मुलीचा आवाज होता, आणि तो काय म्हणत होता ते आता, इतक्या दिवसांनी, त्याला ऐकू येत होतं. ‘तिथं ना, मैत्रिणीच्या शेजारी—’

“कळवलं का तिनं?” त्यानं विचारलं.

“मला काय ठाऊक? घरी जाऊन विचारा. आणि शेवटपर्यंत थांबा,” बाई म्हणाल्या आणि पुन्हा मुळं विंचरायला लागल्या. एवढ्या तुच्छतेनं कात्रीला कुणी आजवर कापलं नव्हतं, आणि त्याला त्यात एकही फाजील शब्द सापडला नाही.

कुंडी छातीशी धरून तो घराकडे निघाला. बाकावरचे म्हातारे बसले होते. आज त्यांच्यासमोरून ताठ चालायचं त्याला सुचलं नाही. त्यांच्यातला एक म्हणालाही, “काय, झाड घेऊन निघालात?” पण कात्रीच्या डोक्यात मथळा जुळत होता. मथळ्याच्या बाबतीत त्याचा हात धरणारा अख्ख्या कचेरीत कुणी नव्हता. दार उघडायचं आणि म्हणायचं, ‘मी येतो तुझ्याबरोबर.’ बास. तीन शब्द. ‘तुझ्याबरोबर’ही नको, ते गृहीतच आहे. ‘मी येतो.’ दोन शब्द. जिना चढताना गुडघे कुरकुरले, त्यांच्याकडे त्यानं लक्ष दिलं नाही. मी येतो, मी येतो.

दार उघडंच होतं. मुलगी खोक्यांच्या मधल्या वाटेत उभी राहून चप्पल सरकवत होती, खांद्याला पिशवी. शिंप्याकडे जायची होती ती, जाण्याआधीचे शेवटचे कपडे आणायला. तिनं बापाकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या कुंडीकडे पाहिलं.

“कुठं गेला होतात झाड घेऊन?”

कात्रीनं तोंड उघडलं. आणि मथळा आला नाही.

“त्या बाईंकडे,” तो म्हणाला. “बोन्सायबाईंकडे. त्यांच्या घरामागे शेड आहे. पत्र्याची. पावसाचं पाणी साठवतात त्या, पिंपांत. नळाचं चालत नाही म्हणे अझालियाला, नळाचं पाणी—” इथं तो उगाच अडखळला. “ते जाऊ दे. एका झाडाची मुळं विंचरत होत्या. आपल्या केसांसारखी. मी कुंडी ठेवली समोर.”

“बरं,” ती म्हणाली. तिची एक चप्पल पायात होती, एक हातात.

“तर त्या म्हणाल्या, हिचा जोर खाली असतो. बुडख्याला. तू सांगत होतीस मला. तर खालून कापायचं. आणि ही फांदी आहे ना, ही, ही उभी करायची. हळूहळू. घाई केली तर मोडते. मोडली होती ना एक? तसंच. वेळ लागेल. वर्ष, दोन वर्षं. कुणीतरी रोज बघायला हवं. आणि ऊन सकाळचं हवं, आपल्या सज्जात दुपारचं येतं. आणि ते बाकावरचे म्हातारे, त्यातला एक मला म्हणाला—”

आपण काय बोलतोय ते त्याच्या कानावर येत होतं. काय हा मजकूर! सुरुवात नाही, मुद्दा नाही, पाणी कुठलं, म्हातारे कुठले, ना शेंडा ना बुडखा. वार्ताहरानं असलं काही टेबलावर टाकलं असतं तर त्यानं दुसरी ओळ न वाचता ते टोपलीत भिरकावलं असतं, आणि टाकणाऱ्याचा दिवसभर उद्धार केला असता. ते दोन शब्द घशाशी तयार होते, पण त्यांच्यापर्यंत पोचायला अजून बरीच वाट होती, आणि तेवढ्यात ही शिंप्याकडे निघून जाईल या भीतीनं तो जास्तच भराभर, जास्तच भलतंच बोलू लागला. पत्रा, पिंप, गुडघे, जिना. आणि मग त्याला दम लागला आणि तो मध्येच थांबला, कुंडी हातात धरून.

मुलीनं हातातली चप्पल खाली ठेवली. खांद्यावरची पिशवी काढून एका खोक्यावर ठेवली, दुसऱ्या खोक्यावर स्वतः बसली आणि हनुवटी हातावर टेकवली.

“बरं,” ती म्हणाली. “पुढे?”